शेजारघरची खूण

खालच्या खाणीत मुरूम लागला, तो दिवस त्या घरात कोणी विसरलं नाही. कौलवाल्याने टिकाव मारला तो खणकन वाजला. दोन हात सरकून त्याने पुन्हा मारला. पुन्हा तेच. मग टिकावाच्या दांड्यावर हनुवटी टेकून तो खड्ड्याकडे नुसता बघत राहिला.

मुंगीची आई रिकामं घमेलं घेऊन काठावर आली.

"काय झालं?"

"संपली."

"काय संपली?"

"माती, अजून काय? अक्कल तर माझी लग्नाच्या दिवशीच संपली."

एरवी ती हसली असती आणि वर दोन शब्द सुनावलेही असते. आज ती खाली उतरली, तळाची चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली. करकर वाजली. असल्या मातीचं कौल भट्टीत तडकणार, हे तिच्या सात वर्षांच्या पोरीलासुद्धा सांगावं लागलं नसतं.

महिन्यापूर्वीच्या वादळात शाळेचे पत्रे उडून नदीपलीकडे जाऊन पडले होते. तेव्हापासून पोरं झाडाखाली बसत होती आणि पक्षी वह्यांवर घाण करत होते. शाळेच्या बाई स्वतः चालत आल्या, अंगणात मांडलेल्या कौलांवर बोटाने टकटक करून म्हणाल्या, "पावसाच्या आत दोन हजार द्या. माझी पोरं भिजली तर मी त्यांना तुमच्या घरात आणून बसवीन." चांगलं मोठं काम होतं. अर्धी कौलं झाली होती आणि अर्ध्यावर माती संपली होती.

"वरच्या पट्टीत आहे," कौलवाला म्हणाला. "हवी तेवढी आहे. लोण्यासारखी."

मुंगीच्या आईने वर पाहिलं. घराच्या वरच्या अंगाला काटेरी झुडपांनी भरलेला एक तुकडा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूने सांगितलं होतं, तिकडे जायचं नाही, साप आहेत. सासू गेली, पण साप राहिले. पुढे मुंगी रांगायला लागली तशी हिनेही तिला तेच सांगितलं, आणि मुंगीनंतर धाकट्या बोक्याला.

संध्याकाळी कौलवाल्याने विषय काढला तेव्हा आबा, म्हणजे त्याचा बाप, भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला. माणसं त्याला सावलीसारखी दिसायची, पण हात असे तयार, की कौल चाचपून कोणत्या खाणीतल्या मातीचं ते सांगायचा.

"नको," आबा म्हणाला.

"मग कुठली आणू? स्वतःची हाडं दळू?"

"वरची पट्टी नको."

"का नको ते तरी सांगा."

आबाने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या घरात एवढं झालं की बोलणं संपायचं. यावेळी मात्र पोरगाही हट्टाला पेटला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने कोयता घेऊन काटे तोडायला सुरुवात केली.

माती खरंच लोण्यासारखी निघाली. काळी, चिकट, खडा नाही. तो खणायचा, ती घमेल्याने वाहायची. घाण्यात, म्हणजे चिखलाच्या खड्ड्यात, पाणी सोडून दोघं पायांनी तुडवायची. गुडघ्याच्या खालचे पाय दिवसभर गार आणि पाठ दिवसभर तापलेली. मग चौकटीत माती भरायची, तारेने वरचा भाग कापायचा, तो चपटा तुकडा लाकडी साच्यावर पांघरायचा, ओल्या तळव्याने सारखा करायचा आणि साच्यासकट उचलून अंगणात नेऊन हळूच सोडायचा. या शेवटच्या कामाला कौलवाल्याने हात कोणाला लावू दिला नव्हता. त्यानंतरचं एक काम मात्र घरातल्या लहान पोराचं होतं. ओल्या कौलाच्या पाठीवर दोन बोटं सरळ ओढायची. ही या घरची खूण. कौलवाल्याने लहानपणी ओढली, आबाने ओढली, आता मुंगीची पाळी होती. तिला मुंगी म्हणत, कारण ती रिकाम्या हाताने कधी दिसायचीच नाही. काही ना काही उचलून कुठेतरी नेत असायची.

पहिल्याच दिवशी ती वरच्या पट्टीत येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, साप कुठेत?"

"गेले असतील. आवाजाने."

"बिळं पण घेऊन गेले?"

आईने तिला पाणी आणायला पिटाळलं. उत्तर नसलं की आया पाणी आणायला पिटाळतात. पोरांनाही ते ठाऊक असतं.

दुपारी गाडीवान भट्टीचं जळण घेऊन आला. आबाच्याच वयाचा, किंवा थोडा मोठाच असेल. जिभेला हाड नसलेला माणूस. बैलांशी बोलायचा, चाकाशी बोलायचा, कोणी नसलं तर स्वतःशी. "काय वहिनी, यंदा नवरा अजून पळून नाही गेला?" असं ओरडतच तो अंगणात शिरला. तिने हसून चहाचं आधण ठेवलं. जळण उतरवता उतरवता त्याचं लक्ष वर गेलं. काटे तोडलेले, काळी माती उघडी पडलेली. तो तिथेच थांबला.

"तिथं खणताय?"

"खालची संपली ना," ती म्हणाली.

त्याने उरलेलं जळण भराभर उतरवलं आणि चहा न घेताच बैल वळवले. चहा टाकून गेलेला गाडीवान तिने आठ वर्षांत पाहिला नव्हता. पण तिच्यापुढे घाणाभर माती होती, आणि ती विचार तिथेच टाकून तुडवायला लागली.

त्याच संध्याकाळी मुंगीला उकरलेल्या मातीत एक जुनं खापर सापडलं. भाजलेल्या कौलाचा तळहाताएवढा तुकडा. एका बाजूने काळा पडलेला. त्याच्यावर बोटाची एक नागमोडी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला अंगठा दाबलेला. तिने ते धुतलं. आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. बरोबर बसला. जणू कोणी माप घेऊन केलं होतं.

पुढचे चार दिवस आईबापांना मान वर करायला सवड नव्हती. चौथ्या दिवशी अंगणात, ओसरीत, भट्टीच्या आडोशाला नऊशे कच्ची कौलं वाळत उभी होती. अजून एक दिवस उन्हात, मग भट्टी लावायची. कौलवाला बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होता.

आबा काठी टेकत वाळलेली कौलं तपासायला आला. कौलं उचलण्याइतकी वाळली की हे काम त्याचं. एकेक कौल उचलायचं, कडा चाचपायच्या, वाकडं असेल तर बाजूला. पहिलं उचललं आणि त्याची बोटं पाठीवर फिरता फिरता थांबली. पुन्हा फिरली. त्याने ते ठेवलं, दुसरं उचललं. मग तिसरं.

"हे कोणी केलं?" त्याचा आवाज इतका बारीक आला, की मुंगीच्या आईला वाटलं त्याला भोवळ येतेय.

"मी, आबा!" मुंगी धावत आली. तोंडभर हसू. "छान आहे ना? मासा आहे तो. मला सापडला."

आबाची काठी वर गेली. ती मुंगीवर बसली नाही. काठी कौलांवर पडली. एक, दोन, पाच. कच्ची कौलं वाजत नाहीत, नुसती बसकण मारतात. म्हातारा दिसत नसताना नुसत्या अंदाजाने मारत सुटला. तोंडाने फक्त "नाही, नाही" एवढंच. कौलवाल्याने मागून येऊन त्याला कवटाळलं तेव्हा तीसेक कौलांचा भुगा झाला होता.

"सगळी घाण्यात टाका," आबा धापा टाकत म्हणाला. "विरघळवा. एकसुद्धा भाजायचं नाही."

मुंगी तिथे नव्हती. आई शोधत गेली तेव्हा ती जळणाच्या ढिगामागे बसली होती. दोन्ही अंगठे मुठीत कोंबलेले.

"अगं, तुझा बाप कौलवाला आहे, तो नवीन करेल," आई म्हणाली. "आबांची तब्येत बरी नाही."

मुंगीने तिच्याकडे पाहिलं. सापांच्या वेळी जसं पाहिलं होतं, तसंच.

जेवणं झाल्यावर नवरा-बायको भट्टीपाशी बसली. अजून संधिप्रकाश होता.

"आता सांगा," ती म्हणाली. "आठ वर्षं मी सापांवर काढली."

कौलवाल्याने बराच वेळ पायाच्या भेगेतली माती नखाने काढली.

"तिथे घर होतं. कौलवाल्यांचंच. ही भट्टी दोन्ही घरांची होती. त्यांच्या आज्याने आणि आमच्या आज्याने मिळून बांधलेली. ते बाहेरून आलेले. दोन पिढ्या इथे काढल्या तरी लोक बाहेरचेच म्हणायचे. एका वर्षी तापाची साथ आली, माणसं मेली. कोणीतरी उठवलं की यांनी विहिरीत काही टाकलं. मग एका संध्याकाळी लोक गेले आणि घर पेटवलं. ते निघून गेले. एवढंच मला माहीत आहे."

"आबांनी सांगितलं?"

"आबा?" तो कोरडं हसला. "मी नऊ वर्षांचा होतो. नदीवर गोट्यांवरून भांडण झालं. एका पोराने सगळ्यांसमोर सांगितलं, तुमचीच भट्टी होती, तुमच्याच विस्तवाने घर जाळलं. मी त्याचा दात पाडला. घरी येऊन आबांना विचारलं, खरं का? ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसानंतर मी नदीवर गेलो नाही. अजून मला पोहता येत नाही, माहीत आहे ना तुला?"

तिला माहीत होतं. त्याचं कारण आज कळलं.

"मग मुंगीला काय सांगायचं?"

"काही नाही. लहान आहे. असलं ऐकून झोपेत दचकेल. मोठी झाली की बघू."

"तुम्ही किती मोठे होतात?"

"म्हणूनच म्हणतो."

"म्हणूनच मीही म्हणते," ती म्हणाली. एकाच कारणाने दोघांना दोन वेगळ्या गोष्टी करायच्या होत्या.

सकाळी कौलवाल्याने कौलं घाण्यात टाकायची तयारी केली. पोरीच्या डोळ्यांसमोर नको म्हणून आईने दोन्ही मुलांना ओसरीत बसवलं. भाकरी आत ठेवायला जाताना तिला मुंगीचा आवाज आला. ती बोक्याला गोष्ट सांगत होती. चार वर्षांचा बोका तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"...मग तो मासा रात्री कौलातून बाहेर येतो. आणि ज्याने काढला त्याचा अंगठा खातो. मग हात खातो. मग आबांचे डोळे पण त्यानेच खाल्ले. आता तो आपलं घर खाणार आहे. माझ्यामुळे."

"मला पण खाणार?"

"हो. पण तुला शेवटी."

बोक्याने भोकाड पसरलं. आई दारात तशीच उभी राहिली. कालपासून जे झाकायला धडपडत होतो त्याहून भयंकर गोष्ट पोरीने एका रात्रीत एकटीने रचली, आणि त्यात सगळा दोष स्वतःच्या अंगठ्याला दिला. खरी गोष्ट इतकी वाईट नव्हती. असली तरी त्यात मुंगी कुठेच नव्हती.

ती धावत बाहेर गेली. कौलवाल्याने पहिली चार कौलं पाण्यात सोडली होती. कडा विरघळून पाणी काळं होत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "एक दिवस द्या मला."

"एक दिवस बुडाला तर पावसाच्या आत—"

"माझ्या वाट्याची माती मी दुप्पट तुडवीन. थांबा."

आबा सकाळपासून खाटेवरून उठला नव्हता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि ते खापर त्याच्या हातात दिलं. मुंगीच्या उशाखाली सापडलं होतं. आबाने ते टाकलं नाही. बोटांनी धरून राहिला.

"आबा, मी सून आहे, मी विचारू नये," ती म्हणाली. "पण या खळग्यात मुंगीचा अंगठा बरोबर बसतो. मोठ्या माणसाचा बसत नाही, माझा बसला नाही. आपल्याकडे खूण लहान पोर ओढतं. त्यांच्याकडेही तसंच होतं का?"

आबाने आपला अंगठा त्या खळग्यावर फिरवला.

"होतं," आबा म्हणाला. "एक पोरगी होती. मुंगीएवढीच. रेघ सरळ ओढायचा कंटाळा यायचा तिला. तिच्या बापाने खूप रागावून पाहिलं, मग त्यानेच ती खूण ठेवली." त्याने खापराच्या काळ्या बाजूवर तळवा ठेवला. "मी पंधरा वर्षांचा होतो. माझ्या खांद्यावर बसून ती भट्टीत डोकवायची."

मग त्याने बाकीचं सांगितलं. थांबत थांबत, भिंतीकडे नाही, तिच्याकडे तोंड करून. तिने मध्ये एकदाही 'जाऊ द्या' म्हटलं नाही. पंचेचाळीस वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं होतं तेव्हा विचारणारा नऊ वर्षांचा होता. शेवटी म्हातारा रडला. म्हाताऱ्यांचं रडणं बघवत नाही, पण तिने बघितलं.

"हे मुंगीला सांगायचं," डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली. "सगळं नाही. ती विचारेल तेवढंच. पण विचारेल ते खरं."

"माझी लाज वाटेल तिला."

"वाटेल थोडे दिवस. आत्ता तिला स्वतःचीच वाटतेय. ती लाज कोणाची आहे, आबा?"

आबाने काठी मागितली.

ऊन उतरताना सगळे वरच्या पट्टीत गेले. आबाने पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथे पाय ठेवला. कौलवाला त्याचा हात धरून होता आणि चेहरा असा, की कोणी काही बोललं तर एकतर भांडेल नाहीतर पळून जाईल. बोका बापाच्या खांद्यावर. आबा मातीच्या ढिगावर टेकला. मुंगी चार हात लांब उभी राहिली, अंगठे मुठीत.

"इथे शेजारघर होतं," आबा म्हणाला. "कौलं करणारी माणसं. ती माशाची खूण त्यांची. खूण कोणाला खात नाही. माझे डोळे म्हातारपणाने गेले."

मुंगीची एक मूठ थोडी सैल झाली.

"ते कुठे गेले?"

"गावाने हाकललं. गावात आजार आला होता. लोक घाबरले. घाबरलेल्या लोकांना कोणावर तरी ढकलायचं असतं, तर यांच्यावर ढकललं. त्यांनी काही केलं नव्हतं."

"मग घर?"

"जाळलं."

मुंगीने काळ्या मातीकडे पाहिलं. मग भट्टीकडे. तिच्या आईने तेवढ्यात ओळखलं की आता काय येणार. या पोरीला भट्टी लावताना विस्तव कुठून येतो याचीच उठाठेव असायची.

"आग कुठून आणली?"

"आपल्या भट्टीतून."

"कोणी दिली?"

कौलवाल्याने लहानपणी विचारलेला प्रश्न हाच होता, फक्त शब्द वेगळे होते.

"मी दिली," आबा म्हणाला. "ते गाडगं घेऊन आले. म्हणाले, विस्तव दे. मी फावड्याने भरून दिला. कशाला हवा होता ते मला माहीत होतं."

"का दिला?"

"घाबरलो."

"कोणाला?"

"सगळ्यांना. इतके जण होते."

"नंतर माफी मागितली?"

"नाही. ते गेले होते."

"शोधलं नाही?"

"नाही, मुंगे. शोधायला हवं होतं."

मुंगी त्याच्यापासून आणखी पाऊलभर मागे सरकली. आबाला दिसलं नसेल, पण पावलाचा आवाज कळला. त्याचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. सुनेला वाटलं, आपण चुकलो, म्हाताऱ्याची होती नव्हती ती एक नातही हिरावली. पण शब्द बाहेर पडले होते.

"त्यांच्याकडे माझ्याएवढं कोणी होतं?"

हा प्रश्न येऊ नये असं सकाळपासून तिला वाटत होतं, आणि येणार हेही माहीत होतं. आबाचे ओठ हलले. तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच मुलीसमोर उकिडवी बसली.

"होती. खूण तीच काढायची. तुझ्याएवढा अंगठा होता तिचा."

"ती आता म्हातारी झाली असेल."

"नाही झाली. ते गेले तेव्हा ती वाटेत वारली."

"कशाने?"

"त्यात अजून आहे," आई म्हणाली. "ते मी आज सांगणार नाही. मला माहीत आहे, पण आज नाही. तू दहा वर्षांची झालीस की सांगेन. मी विसरले तर तू आठवण करायची. खोटं काही सांगणार नाही."

मुंगीने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. यावेळी तिला पाणी आणायला कोणी पाठवलं नव्हतं.

"साप नव्हतेच ना कधी?"

"कधीच नव्हते."

"तीन उन्हाळे," मुंगीने बोटं मोजली. "मी आठवण करेन." आणि ते करताना तिचे दोन्ही अंगठे बाहेर आले. मग ती आबाकडे न बघता बापाला म्हणाली, "माझी कौलं विरघळवली का?"

कौलवाल्याने आबाकडे पाहिलं.

"भट्टीत लाव," आबा म्हणाला. "ती खूण एकदा पुसली तेवढी पुरे झाली."

दोन दिवस मुंगी आबाजवळ फिरकली नाही. त्याची ताटली आई ठेवायची. म्हातारा मुकाट जेवायचा. तिसऱ्या दिवशी भट्टी लावायला घेतली. कौलं हातोहात आत द्यायची असतात आणि माणसं कमी होती. आई देत होती, बाप आत रचत होता, मध्ये एकाची जागा रिकामी. मुंगी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग ओसरीत जाऊन आबाच्या हाताला धरून घेऊन आली.

"इथे बसा. मी दिलं की पुढे द्यायचं. तडा आहे का ते बघायचं."

तिच्या आवाजात पूर्वीचा लाड नव्हता. पण संध्याकाळपर्यंत ती त्याच्यावर दोनदा ओरडली आणि एकदा तिने त्याच्या नाकाला माती लावली. आबाने ती पुसली नाही.

तीन दिवस भट्टी जळली, दोन दिवस निवली. उघडली तेव्हा कौलं लाल भाजली होती. टिचकी मारली की वाजत होती. पाठीपाठीवर मासा. बाईंनी आधी येऊन पाहिली. हा मासा कसला ते त्यांनी विचारलं, कौलवाल्याने चार वाक्यांत सांगितलं, आणि तेवढं सांगताना तो घामाघूम झाला. बाई इकडच्या नव्हत्या. कौल हातात धरून म्हणाल्या, "पोरं विचारतील. मला पाठ करून घ्यावं लागेल, किती सांगायचं ते."

"आमच्या मुंगीला विचारा," तो म्हणाला. "तिला बरोबर माप माहीत आहे."

कौलं न्यायला गाडीवानच आला. आज त्याने 'वहिनी' म्हणून हाक मारली नाही. पहिलं कौल एका हाताने उचललं, सवयीने अंगठा पाठीवर फिरवला आणि तो जागच्या जागी उभा राहिला. आबा दगडावर बसून होता. त्याने मान आवाजाच्या दिशेने वळवली.

"ही खूण..." गाडीवान म्हणाला.

"शेजारच्यांची आहे," मुंगीने कौलांच्या रांगेतून सांगितलं. "त्यांचं घर तिथे होतं. त्यांनी काही केलं नव्हतं तरी लोकांनी जाळलं. विस्तव आमच्या आबांनी दिला, ते घाबरले होते. त्यांची एक मुलगी होती, ही खूण तिची. अजून आहे, पण ते मला दहाव्या वर्षी कळणार." मग तिने मान तिरकी करून विचारलं, "तुम्हीपण होतात का तेव्हा?"

'जा, पाणी आण' हे शब्द मुंगीच्या आईच्या जिभेवर अगदी तयार होते. तिने ते गिळले.

गाडीवानाने आबाकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं. मग बोलायला कधी न थांबणारा तो माणूस एकच शब्द बोलला.

"होतो."

मुंगीने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"मग नीट धरा," ती म्हणाली. "एका हाताने नाही."

गाडीवानाने कौल खाली ठेवलं. दोन्ही तळवे अंगावरच्या कपड्याला पुसले, पुन्हा पुसले. मग वाकून दोन्ही हातांनी ते उचललं आणि गाडीतल्या गवतावर अगदी अलगद ठेवलं. मुंगीने दुसरं पुढे केलं.